स्वयंपाकघरातले मौन

माझे ज्येष्ठ बंधू वार्लाम यांनी आपले अवघे आयुष्य गुरिया या आमच्या डोंगराळ प्रांतातील, तिघांनी एकाच वेळी तीन वेगळ्या स्वरांत गायच्या गाण्यांची जोपासना करण्यात वेचले. धर्मावर बंदी घालणाऱ्या राजवटीत देवळातील स्तोत्रे म्हणणे हा जेव्हा अपराध होता, तेव्हा ते डोंगरांतील वृद्धांच्या पायाशी बसून ती मुखोद्गत करीत. त्यांच्यासमवेत खालचा स्वर धरणारा त्यांचा मित्र एर्मिले एका पहाटे धरला गेला आणि पुन्हा परतला नाही. पोलिसांना त्याचे नाव कोणी सांगितले, हे कधीच उघड झाले नाही. तेव्हापासून दर वर्षी एर्मिलेच्या स्मृतिदिनी आमच्या घरी जेवणाचे मेज मांडले जाई, गाणे होई आणि त्याची पत्नी मक्वाला नवऱ्याचा तो खालचा स्वर स्वतः लावी. एरवी ती गात नसे.

बंधूंचा जुना शिष्य ओतिया त्यांच्यावर माहितीपट करण्यासाठी आला आणि द्राक्षतोडणीचा सारा काळ आमच्याच घरी राहिला.

"मावशी, आणखी भाकरी वाढलीत तर कॅमेरा दुसऱ्या कोणाला तरी उचलावा लागेल हं," तो म्हणे.

"खा रे. लहानपणी गाताना तुझा सूर पडायचा, तो तरी कोण उचलायचं?" मी म्हणे.

एके दुपारी सज्जात बसून त्याने बंधूंना विचारले, "मास्तर, स्पष्ट विचारतो. एर्मिलेंचं नाव तुम्ही सांगितलं होतं का?"

मी शेजारीच मक्याची कणसे सोलीत होते.

"नाही," बंधू तत्क्षणी उत्तरले. "पुढचं विचार, ऊन उतरायला लागलंय."

पुढे एकदा स्वयंपाकघरात त्याने विचारले, "मास्तर, एखादं गाणं विसरलात का हो?" बंधू बराच वेळ निःशब्द बसले. मेजावर ठेवलेली त्यांची तीन बोटे हळूहळू वरखाली होत होती. मनात गाणे शोधताना ती नेहमीच अशी हलत. एकेका स्वराला एकेक बोट. शेवटी ते हसून म्हणाले, "एक आहे बघ. सुरुवात आठवते, शेवट काही येत नाही."

माहितीपट प्रथम राजधानीत गाजला आणि मग आमच्या गावच्या सभागृहात दाखवण्यात आला. मक्वाला माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात माझ्या हातात होता. पडद्यावर ओतियाचा आवाज उमटला: "एर्मिलेंचं नाव तुम्ही सांगितलं होतं का?" आणि त्यापाठोपाठ बंधूंचा चेहरा, ते दीर्घ मौन, ती हलणारी बोटे. 'नाही' कोठेच नव्हते. शेवटचे हसूही नव्हते. मक्वालाने आपला हात काढून घेतला.

बाहेर ओतिया पुष्पगुच्छ घेऊन उभा होता.

"अरे, ते मौन स्वयंपाकघरातलं होतं!" मी म्हणाले. "सज्जात त्यांनी लगेच नाही म्हटलं होतं. मी होते ना तिथे!"

"मावशी, 'नाही' काय, कोणीही म्हणतं. त्या मौनाने मास्तर केवढे मोठे झालेत, पाहिलंत ना? लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि मी त्यांना दोषी म्हटलं कुठे?"

"तू म्हटलं नाहीस. त्यांनाही म्हणू दिलं नाहीस."

त्याने फुले दुसऱ्या हातात घेतली आणि कोणाशी तरी हस्तांदोलन केले.

बंधूंनी या विषयावर एक अक्षरही काढले नाही. दुसऱ्या दिवशी मीच मक्वालाकडे गेले आणि घडले ते सर्व तिला सांगितले. तिने मला उंबऱ्याच्या आत बोलावले नाही.

"पेलागिया, तू त्याची बहीण. बहीण दुसरं काय सांगणार, बाई?"

हिवाळा सरता सरता स्मृतिदिन आला. बंधूंनी स्वतः मेज मांडले. ती येणार नाही असे मला वाटले होते. परंतु ती आली, आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि रीतीप्रमाणे मृताच्या नावाने भाकरीवर मद्याचे थेंब सोडले. बंधूंनी पहिला स्वर लावला, मी मधला धरला. खालचा स्वर आला नाही. त्याविना वरचे दोन स्वर निराधार भासू लागले, तसे बंधू थांबले.

"वार्लाम," मक्वाला म्हणाली, "त्या पोराने विचारलं, तेच मी आज विचारते. तू सांगितलंस का त्याचं नाव?"

मला वाटले, आता तो शब्द येईल. सज्जात आला होता तसाच, क्षणाचाही विलंब न होता. परंतु बंधू तिच्याकडे केवळ पाहत राहिले. इतक्या वर्षांत याच मेजावर, हीच भाकरी मोडून खाताना तिने त्यांना हे कधी विचारले नव्हते. ती वाट पाहत राहिली. भाकरीवरचे मद्य मुरून गेले. मग ती उठली, डोईवरचा काळा रुमाल सारखा केला आणि निघून गेली.

"दादा, बोला ना! ती अजून फाटकापाशीच आहे," मी विनवले.

त्यांनी ऐकले की नाही, कोणास ठाऊक. मी त्यांच्या हाताकडे पाहिले. तीनही बोटे मेजावर होती. ती हलत नव्हती.