गुरुवारची राइड

विनयसारखा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं फ्रिस्कोच्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायका म्हणत. दर गुरुवारी तो सुनेत्राला कॉलेजात सोडायचा आणि क्लास संपेपर्यंत पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसायचा. मंडळातल्या प्रतिमाकाकू तर आपल्या जावयाला त्याचा दाखला द्यायच्या. आता अशा देवमाणसाबद्दल सुनेत्राने कुरकुर कोणत्या तोंडाने करायची?

नागपूरला ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. इथे अमेरिकेत नवऱ्यामागून मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर नोकरीला बंदी, शिकायला मात्र मोकळीक. गाडी विनय ‘पुढच्या महिन्यात’ शिकवणार होता, आणि तो महिना काही उजाडत नव्हता.

क्लास आफ्रिकन लेखिकांचा होता, शिकवणाऱ्या बाई केनियाच्या. त्या लेखिका गोडीगुलाबीने लिहीत नसत. मुलीला शिकवायचं ते लग्नाच्या बाजारात भाव वाढावा म्हणून, आणि भाव ठरला की पुस्तकं मिटायची, असं त्या तोंडावर सांगत. सुनेत्राला आपला बायोडेटा आठवला. ‘एम.ए. इंग्रजी’ त्यात ठळक अक्षरांत होतं. तिला इतका राग आला की त्या दिवशी भात करपला.

आज शेवटचा क्लास होता आणि बोलायची पाळी तिची होती. एका लेखिकेच्या पुस्तकाविषयी सांगून झालं की शेवटी ती स्वतःचं सांगणार होती. कुणी दिलेली परवानगी म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे तिला एकदा मोठ्याने म्हणायचं होतं. सुरुवातीला ती कागदावरून वाचत होती, मग आतली जुनी मास्तरीण जागी झाली. वर्ग ऐकू लागला.

तेवढ्यात दाराच्या काचेतून विनय दिसला. त्याने ओशाळं हसून फोन दाखवला, मग मनगटावर बोट ठेवलं. ऑफिसातून बोलावणं आलं होतं. तो एकटा गेला असता. पण मग ती घरी कशी येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“सॉरी, माझी राइड आली,” सुनेत्रा वर्गाला म्हणाली.

“पण तुझं स्वतःचं सांगायचं राहिलं,” बाई म्हणाल्या.

“हो,” म्हणत तिने कागद गोळा केले. तिला रडू आलं होतं.

गाडीत विनय मित्राशी फोनवर बोलत होता. “अरे प्रताप, बायकोचं प्रेझेंटेशन होतं यार, विमेन्स फ्रीडमवर. फार छान बोलते.” तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तिला तेच सोसवत नव्हतं.

फोन ठेवून त्याने विचारलं, “काय होतं गं त्या पुस्तकात?”

“एका मुलीला बाप शाळेत पाठवत नाही. मग ती मुलगी रोज चालत जाते. खूप लांब.”

“बिचारी. बघ, तू किती लकी आहेस.”

बाहेर सहापदरी रस्ता धावत होता. कडेला फुटपाथ कुठेच नव्हता.

“तिला पायवाट तरी होती, विनय.”

सिग्नलला वळता वळता विनय म्हणाला, “पुढच्या महिन्यात शिकवतो हं गाडी. नक्की.”