शून्यावर आणलेला काटा

मंगळवारी सकाळी फणसळकरांनी घड्याळाचा काटा शून्यावर आणला आणि त्यातली एकवीस मिनिटं त्यांच्या घरातल्या बोळात सांडली. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधला चार पावलांचा बोळ तेवढ्यानं लांबला.

घड्याळ जुनं, कुणा वैमानिकाचं, आदल्याच दिवशी विकत घेतलेलं आणि काटा एकविसावर थांबलेलं. वरचं बटण दाबलं की मोजणीचा काटा सुटे, पुन्हा दाबलं की थांबे, खालचं दाबलं की शून्यावर येई. असली अठरा घड्याळं फणसळकरांच्या कपाटात होती आणि एकाचाही काटा शून्य सोडून कुठं उभा राहिलेला त्यांना खपत नसे.

नलिनीताई चहा घेऊन पोचल्या तेव्हा कपात साय धरली होती.

"इतका वेळ?"

"मघापासून चालतेच आहे," त्या म्हणाल्या. "वाटेत आपलं कॅलेंडर तीनदा लागलं."

फणसळकरांना काही उमजेना. पण माणूस चिकित्सक. दुपारच्या चहाला त्यांनी तेच घड्याळ मनगटावर बांधून वेळ मोजला. एकवीस मिनिटं भरली. ती वहीत टिपून त्यांनी काटा शून्यावर आणला. संध्याकाळी बेचाळीस भरली. तीही टिपली आणि काटा पुन्हा शून्यावर आणला. जित्याची खोड, दुसरं काय.

मग त्यांनी देवळाली कॅम्पात आदीशेठना फोन लावला. घड्याळ त्यांच्याच दुकानातलं.

"आदीशेठ, घर लांबतंय."

"काटा शून्यावर आणला काय?"

"आणला की. नेहमीच आणतो."

"मी बोललो होतो साहेब, त्याला हात नका लावू. काढलेली मिनिटं कुठं तरी जाणारच ना."

"परत कशी भरायची?"

"ते मला नाय माहीत. आता आणखी काढू नका."

बुधवारी सकाळी नलिनीताईंनी स्वयंपाकघरातून मोबाइल केला. त्यांनी थर्मास भरला होता, दोन दशम्याही बांधून घेतल्या होत्या.

"अहो, निघतेय. पण माझे गुडघे आता ऐकत नाहीत. याहून लांबलं तर मी इकडेच राहीन आणि तुम्ही तिकडे."

फणसळकर घाबरले. अडतीस वर्षं चहा त्यांच्यापर्यंत चालत आला होता. त्यांना आपला कप घेऊन बसणारी ती हवी होती, समोरच्या खुर्चीत, रोज. ते उठले. किती चाललो ते कळावं म्हणून वरचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चहाला सामोरे निघाले.

तडा गेलेली फरशी पुन्हा पुन्हा पायाखाली आली. कॅलेंडर सहादा लागलं, सहाही वेळा तोच महिना. सातव्या कॅलेंडरखाली नलिनीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दमल्या होत्या, पण हसल्या.

"आलात होय," त्या म्हणाल्या. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी पुढे केला.

फणसळकरांनी वरचं बटण दाबून काटा थांबवला. बेचाळीस. म्हणजे चौऱ्याऐंशीचं अर्धं अर्धं. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"वही घरीच राहिली," ते म्हणाले.

"राहू दे. धरा, गरम आहे."

त्यांनी उजवा हात पुढे केला. डाव्या मनगटावर घड्याळ होतं, आणि मोजून झालं होतं. झाकणाची ऊब बोटांना लागता लागता तो हात वाटेतच वळला आणि त्याचा अंगठा खालच्या बटणावर जाऊन बसला.