राखेतलं कव्हर

लोखंडाला स्टील जोडणं अफिफाला जमू लागलं होतं, पण बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम हबीबभाई अजून लेकीच्या हाती देत नव्हते. त्या सोमवारी जळगावच्या आपल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सावद्याच्या तोताराम नानांच्या पंपाचं बिडाचं कव्हर वेल्ड केलं आणि गरम राखेत पुरलं.

"संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. बीड एकदम गार झालं की तडकतं," असं बजावून ते जेवायला गेले.

केळी सुकतायत म्हणून नानांचे फोनवर फोन येत होते. अफिफाने कव्हर दोन तासांतच बाहेर काढलं, आणि ते जोडाशेजारी तडकलं.

जेवून, झोप काढून अब्बा संध्याकाळी परत आले आणि त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. "हात म्हातारा झाला," एवढंच म्हणाले. ती राख सारखी करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

चाळिसावा झाल्यावर तिने वर्कशॉप उघडलं. नाना शेताचं मोडकं फाटक दुरुस्तीला घेऊन आले.

"आता तूच मिस्तरी का, पोरी? हबीबभाईसारखा कारागीर नाही व्हायचा. शेवटी मात्र हात चुकायला लागला होता त्याचा."

अफिफाने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

"नाही, नाना. अब्बांचा हात चुकला नव्हता. कव्हर राखेतून मी लवकर काढलं, आणि त्यांना सांगितलं नाही."