रक्तवाढीची डबी

निकिताच्या सासूबाई मनकर्णाबाई यांचा डॉक्टरी गोळ्यांना तत्त्वतः विरोध होता. पोटुशी बाईनं गोळी खाल्ली की बाळाला उष्ण पडते, असं त्यांचं मत. आणि कर्जतजवळच्या त्या वस्तीवर त्यांच्या मतावर अपील नव्हतं. अपवाद फक्त गावची आशा सेविका आरती देऊन जायची त्या रक्तवाढीच्या गोळ्यांचा.

"त्या सरकारी हायेत. सरकार काय फुकटात खरं औषध देतंय व्हय?"

म्हणजे औषध नसल्याची खात्री, म्हणून परवानगी.

निकिताला दहावीपासून फिट यायच्या. पारनेरला माहेरी हे चौघांना माहीत होतं. लग्नाआधी पाचव्याला सांगितलं, आदिनाथला. तो म्हणाला, "मला काही अडचण नाही. फक्त आईला नको सांगायला." मग तो चाकणच्या कंपनीत कामाला गेला. पंधरा दिवसांनी यायचा, आईला काही कळलं नाही ना एवढं विचारायचा आणि परत जायचा. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दिवस राहण्याआधीच गोळी बदलून दिली होती आणि बजावलं होतं, "सकाळ-संध्याकाळ. स्वतःच्या मनानं एकही बंद करायची नाही. फिट आली तर बाळालाही धोका आहे."

तेव्हा निकितानं त्या पांढऱ्या गोळ्या पाकिटातून सोडवून आरतीताईच्या लाल गोळ्यांच्या डबीत घातल्या. सरकारी छताखाली खाजगी भाडेकरू. रोज एवढ्या गोळ्या का, तर रक्त फार कमी आहे. मनकर्णाबाईंनी ही बातमी वस्तीभर पोचवली आणि सुनेला रोज बीट चारायला घेतलं. निकिताला बीट बघवत नसे. पण सांगणार कुणाला? घरात दुसरं माणूस एकच, आणि तेच बीट किसत होतं.

सातव्या महिन्यात एका दुपारी डबी हलकी लागली.

"आत्या, यातल्या गोळ्या?"

"मोनिकाला दिल्या थोड्या. दोन लाल, चार पांढऱ्या. तिच्या संपल्यात, आरती आली न्हाई. तिला बी पाचवा लागलाय. सरकार काय तुझ्या एकटीचंच हाय?"

निकिता तशीच निघाली. मोनिकाचं घर दोन शेतं पलीकडं. वाटेत तिनं खोटं जुळवून पाहिलं: मुदत संपलीय, चुकीच्या आल्यात. पण मोनिकानं गिळल्या असतील तर डॉक्टरला खरं नाव सांगावंच लागणार.

मोनिका हौदावर कपडे धूत होती.

"पांढरी गोळी घेतलीस का गं?"

"का?"

"फिटची आहे ती. माझी."

नऊ वर्षं सांभाळलेली गोष्ट सांगायला एवढंच लागलं.

मोनिकानं साबण खाली ठेवला. "मी कुठली घेतेय! मला लाल बी गिळवत न्हाई. सासू बघत असली की गालात धरते, मग जास्वंदीत थुंकते. बघ की कशी फुललीय."

म्हणजे सांगायची गरजच नव्हती. निकिता हसणार होती, पण दारात मोनिकाची सासू भागूबाई उभी होती, आणि तिच्या हातात मोबाईल होता.

निकिता उरलेल्या गोळ्या घेऊन घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

"फिट येतात व्हय तुला?"

"दोन वर्षं नाही आली, आत्या. या गोळ्यांमुळं."

"आदिला ठाऊक हाय?"

नाही म्हणता आलं असतं. "हो. लग्नाआधीपासून."

आरडाओरडा होईल म्हणून निकितानं भिंत धरली होती. मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी मलाच तेवढं न्हवतं सांगितलं."

त्यांनी मुलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्याची दुपारची पाळी होती. मग त्या अंगणात खाटेवर जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

दिवस कलल्यावर निकितानं स्वयंपाकघरात पांढरी गोळी घेतली. कसली, ते विचारायला कुणी नव्हतं. चहा घेऊन ती बाहेर गेली, कप खाटेवर ठेवला आणि पायरीवर बसली. खाटेवर बसायला कुणी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं मनकर्णाबाईंनी मान न वळवता विचारलं, "बाळाचं काय म्हनली डॉक्टरीन?"

"वाढ चांगली आहे म्हणाल्या. गोळी चुकवायची नाही, एवढंच."

"हं."

चहावर साय धरली. दोघी रस्त्याकडं बघत राहिल्या. आदिनाथ यायला अजून नऊ दिवस होते.