कापलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. लांब काठीच्या टोकाला बांधतात आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपडं चढवतात, तो. त्या टोपड्याला आता कसर लागली आहे आणि मी एका बंद कपाटात पडून आहे. विचारपूस कोणी करत नाही, म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. कोल्हापुरात हंबीररावांनी मला लग्नाच्या शूटिंगसाठी आणलं. सनई, बँड आणि पंगतीतला गोंगाट ऐकून माझे कान किटले. मग त्यांनी धंदा बंद केला आणि त्यांच्या हाताखाली शूटिंग शिकलेल्या संयोगिताने मला घरी नेलं. तिला स्वतःचा सिनेमा करायचा होता, कुठल्याही कंपनीशिवाय, चार मित्रांना हाताशी धरून.

सिनेमा तिच्याच घरातला होता. पाहुणे आले की त्या घरातली सून सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत येत नाही, चहाचा ट्रे उंबऱ्यापर्यंत सरकवते. संयोगिताचा भाऊ विजयसिंह याने घर वापरायला दिलं, पण आमच्या घरची बाई पडद्यावर दिसायची नाही, अशी अट घातली. संयोगिताही काही कमी नव्हती. तिने त्या अटीचाच सिनेमा केला. कॅमेरा सोप्यात रोवला, आतल्या दाराकडे तोंड करून, आणि शेवटपर्यंत हलवला नाही. नाटकात कामं करणारी माणसं पाहुणे होऊन सोप्यात बसली. आत काय चाललं आहे ते फक्त ऐकू यायचं. ते सगळं माझं काम. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

आत खरोखरच तिची वहिनी होती, विजयसिंहची बायको पूर्णिमा. एका दुपारी भांडी घासता घासता ती आपणहून बोलली.

"लग्नाआधी मी जयसिंगपूरला शाळेत शिकवायचे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आता भाईर पावणं बसल्यात म्हटलं की भांडी बी दमानं घासायची."

सगळा सिनेमा या बोलण्यासाठीच आहे, हे संयोगिताला तेव्हा कळलं. पूर्णिमाने हेडफोन लावून ते दोनदा ऐकलं आणि लाजून हसली. मोठ्या पडद्यावर कसं वाटेल, असं विचारत राहिली.

विजयसिंहने ऐकलं तेव्हा तो ओरडला नाही. "तोंड दिसत न्हाई, पर आवाज आख्खी भावकी वळखंल की. ठेव तू खुशाल. मी हिला माहेरी धाडतो. राजवीर हितंच ऱ्हाईल."

राजवीर त्यांचा लहान मुलगा. संयोगिताने ते बोलणं कापलं आणि भीतीपोटी मूळ आवाजही पुसून टाकला. वहिनीला सांगायचा मात्र तिला धीर झाला नाही.

सिनेमा गावात दाखवला, तेव्हा नंतरची चर्चा टिपायला मला नेलं होतं. पूर्णिमा नवी साडी नेसून संयोगिताशेजारी बसली होती. तिची जागा आली. पडद्यावर दार, काळोख आणि निवत चाललेला चहा. ती पुढे सरकून वाट बघत राहिली, आणि सिनेमा संपला. एका जाणकारांनी उठून सांगितलं की या शांततेतून दिग्दर्शिकेने बाईची घुसमट फार सुंदर पकडली आहे. टाळ्या पडल्या. विजयसिंहनेही वाजवल्या. मला लाज वाटली.

"वन्सं, माझं बोलणं कुठं गेलं?" पूर्णिमाने हळूच विचारलं. संयोगिता उठून माझी वायर गुंडाळू लागली.

पुढे एकदा ती मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. भावाचं मी बघते, वहिनी, तेवढं पुन्हा बोला, म्हणाली. पूर्णिमाने नळ बंद केला, हात पुसले.

"कुठलं बोलणं, वन्सं? मी कधी काय बोललेच न्हाई."

त्यानंतर संयोगिताने मला हात लावलेला नाही. मित्रांनो, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा, असं खरं तर मी सांगायला हवं. सांगतोही. पण तुमच्या घरात आतून कोणी बोलत असेल, तर हातातलं काम टाकून आधी ते ऐका. मी ऐकलं होतं, टिपलंही होतं. पूर्णिमाला त्याचा काही उपयोग झाला नाही.