सातवा अर्ज

नंदकुमार दिघेने दोऱ्याचे टोक दोन बोटांत धरले आणि दुसऱ्या टोकाला बांधलेले लोहचुंबक गाडीच्या डाव्या मडगार्डाजवळ सोडले. चुंबक पत्र्याला चटकन चिकटले. चार बोटे पुढे नेले, पुन्हा चिकटले. दिव्याच्या कडेशी आल्यावर मात्र ते नुसतेच लोंबकळत राहिले. त्याने दोरा झटकून पाहिला, जागा रुमालाने पुसून पाहिली, आणि मग नापसंतीच्या जागी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट समाधान पसरले.

“काय झालं?” व्हरांड्यातल्या खुर्चीतून भाऊ सबनीसांनी विचारले.

“काही नाही. बघतोय.”

बघणे हाच त्याचा धंदा होता. फोर्टातल्या एका विमा कंपनीत मोटारींच्या अपघाताचे दावे त्याच्या टेबलावरून पुढे जात, आणि शक्यतो तो ते जाऊ देत नसे. बारा वर्षांत त्याने इतक्या थापा वाचल्या होत्या, की कोणी नुसते ‘खरं सांगतो’ म्हटले तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची. आईचे गुडघे गेले म्हणून मुलुंडच्या घरासाठी एक जुनी गाडी घ्यायची ठरवून वर्ष उलटले होते. आतापर्यंत अकरा गाड्या पाहून त्याने नाकारल्या होत्या. “तुम्हाला गाडी नकोय, चोर हवाय,” असे त्याची बायको शुभा अलीकडे जेवताना शांतपणे सांगे. त्याचा त्याला रागही येत नसे, कारण चोर सापडला की त्याला खरोखरच बरे वाटे.

ही बारावी. सायीच्या रंगाची, चार दारांची, आठ वर्षांची विलायती गाडी. बोरीवली मुंबईत घातली त्याला अजून चार महिनेही झाले नव्हते, आणि भाऊंच्या बंगलीभोवती अजून ताडाची झाडे आणि वालाचे मांडव होते. जाहिरात भाऊंच्या मुलाने, जयवंतने दिली होती. तो आज सकाळीच बाजारात गेला होता. गिऱ्हाईक येणार त्याच वेळी मालक बाहेर, हेही नंदकुमारने मनात टिपून ठेवले होते.

त्याने पाणी मागितले. मागच्या खोलीत राहणारी मालन बादली घेऊन आली. पस्तिशीची, कपाळ मोकळे असलेली बाई. रोज सकाळी गाडी तीच पुसते, असे भाऊंनी सांगितले. नंदकुमारने तांब्याने बॉनेटवर पाणी सोडले आणि डोके वाकडे करून त्याचा ओघळ पाहत राहिला. उजव्या बाजूला पाणी सरळ खाली उतरले. डाव्या बाजूला ते दोनदा अडखळले आणि बाजूला वळले.

“भाऊ, गाडीला कधी अपघात?”

“नाही.”

“छोटासा? कुठे घासली, ठोकली?”

भाऊ खुर्चीतून उठले. ते सत्तरीला आले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी उभे ताठ राहत. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षे कारकुनी केली होती. साक्षीदारांना शपथ द्यायचे काम त्यांच्याकडे होते.

“दिघे, घेतली तेव्हापासून हिला ओरखडा नाही. हा माझा शब्द. माझ्या शब्दावर माणसं घर बांधतात, तुम्ही गाडी घ्यायला हरकत नाही.”

शब्द देणाऱ्या माणसांची नंदकुमारला सगळ्यांत जास्त भीती वाटे. तरी त्याने तसे दाखवले नाही. म्हातारा बोलत होता, त्याला बोलू दिले. भाऊंनी गाडीचे कौतुक सांगितले. दर दसऱ्याला तिची पूजा ते स्वतः करत. पहाटे धुऊन, झेंडूचा हार घालून, ओल्या कुंकवाची तीन स्वस्तिके काढायची: एक बॉनेटवर, एक मागच्या डिकीवर, एक आत स्टिअरिंगच्या चाकासमोर. पाच दसरे त्याच तीन जागा. दुसऱ्या दिवसापर्यंत ती पुसायची नाहीत, असा त्यांचा नेम.

नंदकुमारने बादली खाली ठेवली. तो चालत गाडीच्या मागे गेला. डिकीवर, सायीच्या रंगात अगदी मुरून बसलेले, फिकट गुलाबी स्वस्तिक होते. पाच वर्षांचे ओले कुंकू दिवसभर उन्हात वाळून रंग खाऊन गेले होते. त्याने दार उघडून आत पाहिले. तिथेही तो डाग होता. मग तो पुढे आला, वाकला, आणि बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळले. ते नव्या ताटासारखे कोरे होते.

“भाऊ, जरा खाली येता?”

भाऊ पायऱ्या उतरून आले. नंदकुमारने त्यांचे बोट धरून डिकीवरच्या डागावर ठेवले. नाक पत्र्याला लागेल इतके वाकून भाऊंनी तो पाहिला आणि हसले. मग त्याने त्यांना बॉनेटपाशी आणले. भाऊ तसेच वाकले. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

“इथं होतं,” ते म्हणाले. “इथंच काढतो मी.”

“गेल्या दसऱ्याला काढलं होतं?”

“काढलं होतं.”

“म्हणजे बॉनेट त्यानंतर रंगवलंय.”

आता नंदकुमारला थांबवणे कोणाच्या हाती नव्हते. त्याने बॉनेट उघडले आणि आतली बाजू दाखवली. पत्रा ठोकून सरळ केल्याच्या हातोडीच्या खुणा तिथे जशाच्या तशा होत्या. बाहेरून लांबीचा लगदा भरून रंग देतात, तिथे चुंबक धरत नाही, आतून कोण बघतो, हे त्याने मोठ्या आनंदाने समजावून सांगितले. दिव्याची काचही एका बाजूची नवी होती. गाडी भिंतीला लागलेली नाही, खटाऱ्यालाही नाही. कठीण वस्तू लागली तर पत्रा फाटतो, हा फाटला नव्हता, दबला होता. आधी दिव्याच्या उंचीवर मार, मग वर बॉनेटवर.

“आमच्या फॉर्मवर अशा वेळी दोनच शब्द असतात,” तो म्हणाला. “जनावर, नाहीतर पादचारी.”

 भाऊंनी मालनला हाक मारून चहा ठेवायला सांगितले, आणि ती आत गेल्यावर मडगार्डाचा आधार घेतला.

“पौषात गाडी बारा दिवस कुर्ल्याला गॅरेजात होती,” ते म्हणाले. “जयवंत म्हणाला, इंजिनाचं काम आहे.”

बाकीचे त्यांनी हळूहळू, मध्ये थांबत सांगितले. मालनचा नवरा बाळा त्यांच्याकडे बागेचे काम करायचा. पौषात एका पहाटे, धुके पडलेले असताना, तो दहिसरच्या तबेल्यात शेणखत सांगून यायला म्हणून घोडबंदर रोडने निघाला होता. कोणत्या तरी गाडीने त्याला उडवले आणि ती थांबली नाही. दूधवाल्यांना तो सापडला तेव्हा ऊन वर आले होते. वेळेवर नेला असता तर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी भाऊंनी मालनला शब्द दिला होता, की त्या माणसाला मी कोर्टात उभा करीन. तेव्हापासून ते तिच्या नावाने पोलिसांना अर्ज करत होते. सहा झाले होते. एकाचेही उत्तर आले नव्हते.

“मला दिसत नाही. मी सांगतो, जयवंत लिहितो. अक्षर सुरेख आहे त्याचं. तोच तिला वाचून दाखवतो, मग अंगठा घेतो आणि कामावर जाताना टपालात टाकतो.”

ते अर्ज टपालात पडले तरी होते का, अशी शंका नंदकुमारला लगेच आली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने आलेली शंका गिळून टाकली. त्याला त्या गाडीचा, चुंबकाचा आणि स्वतःचाही वीट आला.

“भाऊ, म्हैस असेल,” तो म्हणाला. “त्या रस्त्याला तबेल्यांच्या म्हशी सुटतात. धुक्यात दिसत नाहीत. मी कितीतरी दावे पाहिलेत. अगदी असाच पत्रा दबतो.”

“म्हैस असती तर जयवंतने घरी येऊन सांगितलं असतं.”

 नंदकुमारने पुन्हा सुरुवात केली, की नुसत्या पत्र्यावरून काही सिद्ध होत नाही, कुर्ल्याच्या माणसाला विचारायला हवे, आणि तोही खरे सांगेलच असे नाही. भाऊंनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग ते भिंतीला हात लावत आत गेले आणि फुलस्केप कागद, टाक आणि दौत घेऊन आले.

“लिहा,” ते म्हणाले.

“भाऊ, एकदा जयवंतशी बोला तरी.”

“बोलेन. आधी लिहा. नाहीतर मी बोलत बसेन आणि लिहायचं राहील.”

 नंदकुमार व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितले तसे लिहीत गेला. गाडीचा नंबर सांगताना ते अडले नाहीत. मालकाचे नाव सांगताना एकदा पाणी प्यायले. गाडी तपासणाऱ्याचे नाव म्हणून नंदकुमारने खाली स्वतःची सही केली. दुसऱ्याच्या दाव्यावर सही करायची वेळ आली की तो दोन-दोन आठवडे लावायचा, इथे मात्र त्याला मिनिटही मागता येईना.

शाई वाळायच्या आत फाटक वाजले. जयवंत आला होता. तिशीचा, उंच, उन्हाने लाल झालेला, हातात रायवळ आंब्यांची पिशवी. बॉनेट उघडे पाहून तो क्षणभर थबकला, मग हसला.

“काय दिघेसाहेब, पटली ना गाडी? झकास चालते. ठरलं का, भाऊ?”

“ठरलं,” भाऊ म्हणाले. “पिशवी ठेव खाली.”

मालन चहाचे कप घेऊन बाहेर आली. भाऊंनी तिला कप ठेवून समोर बसायला सांगितले. नवा अर्ज आहे म्हटल्यावर तिने पदराला हात पुसले आणि सवयीने डावा अंगठा पुढे करून जमिनीवर बसली. भाऊंनी कागद जयवंतच्या हातात दिला.

“वाचून दाखव तिला. वाचल्याशिवाय मी अंगठा घेत नाही, तुला माहीत आहे.”

जयवंतने कागदावरचे परके अक्षर पाहिले, नंदकुमारकडे पाहिले, आणि वाचायला लागला. अर्जदार मालन बाळा गावकर, राहणार बोरीवली. माझे पती पौष महिन्यात घोडबंदर रस्त्याने पायी जात असता. सहा वेळा वाचलेल्या त्या ओळी तो घडाघड वाचत गेला. पाचव्या ओळीवर, गाडीच्या नंबरापाशी, त्याचा आवाज थांबला.

 भाऊ त्याच्याकडे तोंड करून उभे होते, त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. नंदकुमारने मान खाली घातली.

मालन अंगठा तसाच पुढे धरून वाट पाहत होती.

“फुडे वाचा, दादानू,” ती म्हणाली.