बोलत्या नोंदी

वैजनाथने बसवलेली दाराची चौकट श्रीनिवास दातारांना वाकडी दिसली.

कात्रजला एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं आणि दातार त्याचे आर्किटेक्ट होते. साठीला आलेले, कसबा पेठेत घर आणि चार गल्ल्या सोडून छोटंसं ऑफिस. भिंत जराशी कलली तरी त्यांना लांबून कळायचं, आणि कळलं की ते गप्प बसायचे नाहीत.

"अहो वैजनाथ, चौकट बसवलीय की नुसती टेकवून ठेवलीय?"

वैजनाथ सुतार हातातलं काम ठेवून उठला. त्याने ओळंबा आणला, चौकटीशेजारी दोरा सोडला आणि खालचं वजन स्थिर होईपर्यंत थांबला. दातारांनी पाहिलं. चौकट मध्यावर वाकली होती. दोराही बरोबर तिथेच, तसाच वाकला होता.

वजन लावलेला दोरा वाकत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्याने दोरा सरळ दिसत होता, पण तो डोळा लहानपणापासून अधू. बारीक अक्षर त्याला कधीच लागलं नाही. वाचायचं काम डाव्याचं, आणि डाव्या डोळ्यापुढे मधोमध एक धुरकट डाग आला होता.

"ठीक आहे, राहू द्या," असं म्हणून ते खाली उतरले.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, सुनीतीला, म्हणजे बायकोलाही नाही. आर्किटेक्टला सरळ रेघ वाकडी दिसते हे सांगायचं तरी कसं? नवीन काम कोण देईल? उन्हाने होत असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी ते स्वतःची समजूत घालत राहिले. स्कूटर मात्र बंद केली. कारण विचारलं तर म्हणायचे, "पुण्यात आता स्कूटर चालवतात ती माणसं एकतर तरुण असतात, नाहीतर वेडी."

साइटवर त्यांची इंजिनिअर होती चैताली साबळे. तिशीतली, कमी बोलणारी मुलगी. तिनेच हट्ट धरून ऑफिसात एक मोबाइल अ‍ॅप आणलं होतं. सगळी ड्रॉइंग्ज फोनवर दिसायची. एखाद्या खोलीवर बोट ठेवलं की तिथे खूण उमटायची, त्या खुणेला फोटो जोडायचा, काय झालं किंवा काय राहिलं ते लिहायचं, आणि साइटवरच्या सगळ्यांना ते लगेच दिसायचं. दातारांनी तेव्हा तिची चेष्टा केली होती. ते स्वतः काखेत कागदाची गुंडाळी घेऊनच फिरायचे. आता मात्र ते गुपचूप अ‍ॅप उघडू लागले, कारण फोनवर आकडे बोटांनी मोठे करता येत. तरीही मधला आकडा डागाखाली जायचा. मग फोन बाजूला नेऊन, तिरकं पाहून ते तो पकडायचे.

एकदा तो सुटलाच. न्हाणीघराचा स्लॅब खालून पाइप जावेत म्हणून इतर खोल्यांपेक्षा खोल ठेवतात. किती मिलिमीटर खोल, असं ज्ञानदेव प्लंबरने जिन्यात गाठून विचारलं. दातारांनी फोनकडे पाहिलं, आकडा नीट लागला नाही, आणि त्यांनी अंदाजाने सांगून टाकलं, "दोनशे."

संध्याकाळी चैताली त्यांच्याजवळ आली. "सर, न्हाणीघराला ड्रॉइंगमध्ये तीनशे आहे. मी तीनशेच ठेवायला सांगितलंय. चालेल ना?"

"तीनशेच म्हणालो मी."

"हो सर," ती म्हणाली.

ते दोनशे म्हणाले होते हे दोघांनाही ठाऊक होतं. दातारांना त्या रात्री जेवण गेलं नाही. स्लॅब ओतून झाला असता तर फोडावा लागला असता.

त्या आठवड्यापासून अ‍ॅपमध्ये एक बदल झाला. लेखी नोंदींच्या जागी आवाज यायला लागले. दातार बसमध्ये कानाला इअरफोन लावून ऐकायचे.

"साहेब, वैजनाथ बोलतोय. पहिला मजला, जिन्याला लागून खोली. खिडकीची चौकट बसली. खालची फट दिसते ती नंतर भरायची आहे."

"साहेब, ज्ञानदेव. वरच्या न्हाणीघराचा पाइप जोडला हाय. रातभर पाणी भरून ठिवलं व्हतं, कुटं गळत न्हाई."

आणि चैताली तर प्रत्येक खोलीचं माप, सळयांमधलं अंतर, दाराची उंची, सगळं ड्रॉइंगवरून सावकाश वाचायची. ड्रॉइंगमध्ये काय आहे, प्रत्यक्षात काय भरलं, फरक किती. ऐकता ऐकता दातारांच्या डोळ्यांसमोर आख्खी इमारत उभी राहायची. त्यांना ते बरं वाटत होतं, पण हे असं का चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी स्वभाव आडवा आलाच. एका दुपारी त्यांनी वैजनाथला विचारलं, "तुमचं अक्षर, तुमचं लिहिणं माझ्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा चांगलं. मग हे आकाशवाणी केंद्र कशासाठी उघडलंत?"

वैजनाथने रंधा खाली ठेवला. "मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, सरांना ऐकायला सोपं जातं, तेव्हा सगळ्यांनी बोलूनच टाका. आम्ही पुढं काही विचारलं नाही, साहेब."

दातारांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ते रागानेच जिना चढून वर गेले. चैताली गच्चीवर पाण्याच्या टाकीची जागा मोजत होती.

"माझ्या डोळ्यांची जाहिरात करायचं कुणी सांगितलं तुला?"

तिने टेप गुंडाळला. "डोळ्यांचं नाव मी कुणाजवळ काढलेलं नाही, सर."

"मग तुला कसं कळलं?"

"तुम्ही फोन असा कडेला नेऊन बघता. माझे बाबा असंच बघायचे." तिने टेप खिशात टाकला. "बाबा पोस्टात होते, टपाल वेगळं करायच्या कामावर. पत्ते दिसेनासे झाले तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी प्रार्थनेचं पुस्तक समोर धरून वंदना म्हणायचे. ती त्यांना तोंडपाठच होती, त्यामुळे आम्हाला घरातही कळलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर काही करता आलं असतं."

दातार गच्चीच्या कट्ट्यावर बसले. राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही.

"मग मला सरळ विचारायचं होतंस."

"दोनदा मनात आलं. धीर झाला नाही. तुम्ही चिडला असता आणि डॉक्टरकडे जायचं आणखी लांबवलं असतंत." ती किंचित हसली. "म्हटलं, तोवर निदान काम चुकायला नको आणि तुमची अडचणही व्हायला नको. पण आता जा, सर. या आठवड्यातच जा."

घरी जाऊन त्यांनी सुनीतीला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, "त्या परक्या मुलीला कळलं आणि मला नाही. याचं भांडण आपण नंतर करू. आधी डॉक्टरांची वेळ घेते."

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. पडद्यामागे नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती, दर महिन्याला, कदाचित पुढेही बरीच. "गेलेली नजर सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण आहे ती बहुधा टिकवता येईल. आणखी सहा महिन्यांनी आला असतात तर हेही म्हणता आलं नसतं."

पहिल्या इंजेक्शननंतर दातारांनी संस्थेच्या लोकांना स्वतः फोन करून डोळ्याचं सांगितलं. यापुढे प्रत्येक माप चैताली तपासेल आणि तिच्या होकाराशिवाय स्लॅब ओतला जाणार नाही, असंही सांगितलं. काम हातचं जाईल या तयारीने ते बसले होते. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "मग वसतिगृह जूनपर्यंत होईल ना?" दातार म्हणाले, "होईल." विषय तिथेच संपला.

नंतरच्या महिन्यांत दोरा पुष्कळसा सरळ दिसायला लागला. डाग पुसट झाला, गेला मात्र नाही. साइटवर आता लपवाछपवी उरली नव्हती. आकडा लागला नाही तर दातार सरळ म्हणायचे, "वाचून दाखवा रे कोणीतरी." जो जवळ असेल तो वाचायचा. सोपं होतं ते. इतके दिवस एवढ्या साध्या गोष्टीचं आपण केवढं ओझं वाहिलं, याचं त्यांना नवल वाटायचं.

गच्चीवरच्या टाकीचा, म्हणजे शेवटचा, स्लॅब ओतून झाला त्या दिवशी सुनीती मिठाई घेऊन आली. ज्ञानदेवने दोन पेढे उचलले आणि साहेबांच्या डोळ्याची चौकशी केली. वैजनाथने सुनीतीला नवा जिना दाखवला.

दातार वर गच्चीत चैतालीजवळ जाऊन उभे राहिले. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर त्यांनी फक्त चुका दाखवल्या होत्या, आणि त्याही न मागता.

"चैताली," ते म्हणाले, "या कामाच्या कागदांवर माझ्या नावाशेजारी तुझं नाव घालायला सांगितलंय मी. ते ऑफिसचं झालं. माझं स्वतःचं म्हणशील तर, तू मला वेळेवर पाठवलंस. मी ते विसरणार नाही."

चैतालीने मान हलवली. मग म्हणाली, "बाबांना सांगेन मी, सर. त्यांना फार बरं वाटेल."

"सांगून काय, मीच येतो. रविवारी घरी असतात ना?"

"असतात," ती म्हणाली. "पण पोस्टाच्या गोष्टी सुरू झाल्या की संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत."

"मग मी सकाळीच येईन," दातार म्हणाले, आणि दोघं ओल्या स्लॅबला बगल देत, पेढे संपायच्या आत खाली उतरले.